न पाहिलेल्या माशांचा रकाना

‘आजचं गरवणं संपलं का?’

एका सरकारी प्रश्नावलीची सुरुवात या प्रश्नाने होते, आणि सगळ्या रचनेची नियत या पहिल्याच ओळीत कळते. जागा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, नॉर्थ कॅरोलायना राज्यातली: समुद्रात लांबवर शिरलेला एखादा पिअर, नाहीतर हौशी लोकांच्या होड्या जिथे परततात तो धक्का. विचारणारी बहुधा विशी-पंचविशीतली, राज्याच्या मत्स्यखात्याने हंगामापुरती नेमलेली तंत्रज्ञ. हातात टॅब्लेट, बगलेत मोजपट्टी ठोकलेली फळी, पिशवीत तानकाटा. समोरचा म्हणाला, ‘छे, गाडीतून चारा आणायला चाललोय, अजून दोन तास बसणार,’ तर मुलाखत तिथेच थांबते. अर्धवट फेरीला या कागदात जागा नाही.

हा नियम मला फार आवडतो. गरवत बसलेल्यांनाच गाठून विचारायचं ठरवलं, तर सकाळपासून ठाण मांडून बसलेले हटकून भेटतील आणि अर्ध्या तासात कंटाळून घरी गेलेले निसटतील. मग कागदावर सगळा किनारा चिवट आणि तरबेज माणसांनी भरलेला दिसेल. जाण्याच्या वाटेवर उभं राहिलं की चिवट आणि कंटाळखोर दोघंही एकेकदाच समोरून जातात. एका साध्या प्रश्नात एवढा विचार दडलेला आहे आणि त्याचा गाजावाजा मात्र कुठे नाही. चांगल्या कवितेची पहिली ओळ अशीच असते.

ज्या कागदाचं हे रसग्रहण आहे त्याचं नाव लांबलचक आहे, ‘ॲक्सेस पॉइंट अँग्लर इंटरसेप्ट सर्व्हे’. नोआ या अमेरिकी संघराज्याच्या समुद्र व हवामान संस्थेचा हा कागद. २०१६ पासून अटलांटिक किनाऱ्यावर प्रत्यक्ष विचारपूस राज्यांचीच माणसं करतात. लेखक म्हणून कोणाचंच नाव नाही. समित्यांनी लिहिलेला, समित्यांनीच खोडलेला मजकूर. समितीने लिहिलेलं काही सुंदर असू शकतं यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. इथे बसला.

असा कागद लागतो कशाला? धंद्याची मासेमारी करणारा मासे विकतो, विक्रीची पावती होते आणि माशांचा हिशेब आपोआप लागतो. हौशी माणूस काही विकत नाही. तो मासा घरी नेतो, तळतो, शेजाऱ्याला देतो, नाहीतर पाण्यात परत सोडतो. त्याच्या माशाची पावती फुटत नाही. असे हौशी लाखोंनी असतील, तर समुद्रातून किती मासे गेले हे त्यांना विचारूनच कळणार. अमेरिकेत ही विचारपूस १९७९ मध्ये देशपातळीवर सुरू झाली. २००६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तिच्यावर सडकून टीका केली, पाठोपाठ कायद्यात सुधारणेची अट आली आणि आजची पद्धत हळूहळू उभी राहिली.

आता या कागदाच्या गाभ्याकडे येतो. मिळालेल्या माशांसाठी त्यात तीन वर्ग आहेत: ‘ए’, ‘बी-१’ आणि ‘बी-२’. नावं रुक्ष आहेत, पण सगळा रस इथेच साठला आहे.

‘ए’ म्हणजे तंत्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, अख्खा मासा. पेटी उघडली, बर्फ बाजूला सारला, मासा हातात घेतला, ओळखला, फळीवर ठेवला. तोंड फळीच्या टोकाला टेकवायचं आणि शेपटीच्या बेचकीपर्यंत लांबी घ्यायची, मिलिमीटरमध्ये. शेपटीची टोकं झिजतात, तुटतात. बेचकी जागची हलत नाही. मग वजन. मासे पुष्कळ असतील तर मोजताही सगळे येत नाहीत, काहीच घ्यावे लागतात, आणि इथे हौशी माणसाचा स्वभाव आडवा येतो. तो पेटीत हात घालून सर्वांत मोठा मासा वर काढतो आणि म्हणतो, ‘हा मोजा की!’ तंत्रज्ञाने हसून मान डोलवायची आणि हाताला येतील तसे मासे घ्यायचे. कौतुक करावं, पण कौतुकाच्या क्रमाने मोजू नये. हंगामी कामाला आलेल्या मुलांना हे साधायला वेळ लागत असणार, कारण समोरचा माणूस आनंदात असतो आणि त्याचा मासा खरोखरच मोठा असतो.

या वर्गात गरवणाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही. त्याने माशाला काहीही म्हणो, ओळख तंत्रज्ञाची. याचं कारण किनाऱ्यावरच्या नावांत आहे. नॉर्थ कॅरोलायनात ज्याला ‘सी मलेट’ म्हणतात तो मासा मलेटच्या, म्हणजे आपल्या बोयीच्या, कुळातला नाहीच. तो आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या कुळातला. ‘ट्राउट’ म्हणाल तर तिथे निदान दोन वेगळ्या समुद्री माशांना लोक ते नाव लावतात. म्हणून धक्क्यावर पाठवण्याआधी या मुलांची मासे ओळखण्याची परीक्षा होते. मालवणच्या लिलावात उभ्या असलेल्या बाईला या परीक्षेचं हसू येईल. तिला मात्र समोरच्या घोळीच्या परदेशी चुलत्याचं, रेड ड्रमचं, शेपटीवरचा काळा ठिपका बघून नाव सांगता येईल का, हाही प्रश्नच आहे.

‘बी-१’ म्हणजे मेलेला, पण न पाहिलेला मासा. कोणी चारा म्हणून तुकडे करून गरीला लावला. कोणी टेबलावर साफ करून फक्त फिलेट पेटीत ठेवले, डोकं-काटा पेलिकनांना टाकला. कोणी नको म्हणून मेलेलाच पाण्यात फेकला. मासा समुद्रातून गेला हे नक्की, पण पुरावा म्हणजे माणसाचा शब्द.

‘बी-२’ म्हणजे जिवंत परत सोडलेला मासा. तोही फक्त सांगण्यावरून.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात ज्ञानाची साधनं वेगळी मांडतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. नैयायिकांना हा कागद दाखवला असता तर ते पसंतीने माना डोलावते, असं मला खात्रीने वाटतं. ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष, ‘बी’ म्हणजे शब्द. आणि पुढे कार्यालयात बसून या दोहोंवरून साऱ्या किनाऱ्याचा जो आकडा काढायचा ते अनुमान. कागद हे तिन्ही एकमेकांत मिसळू देत नाही. न्यायाच्या परिभाषेत शब्द प्रमाण ठरायला बोलणारा आप्त लागतो, म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगणारा. धक्क्यावरचा हौशी गरवणारा आप्त आहे का? कागद या वादात पडत नाही. तो त्याचं म्हणणं लिहून घेतो, पण वेगळ्या रकान्यात. विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाची नोंदही केली. आपल्या वर्तमानपत्रांनी एवढं साधलं तरी खूप झालं.

मला सर्वांत चतुर वाटते ती मात्र यात नसलेली एक ओळ. मूळ प्रश्नावलीत सोडून दिलेल्या माशाचं नाव विचारतात, संख्या विचारतात. ‘केवढा होता?’ हे विचारत नाहीत. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं, आणि सुटलेल्या माशाचं तर विचारूच नका. फळीवर न आलेल्या माशाला कागदावर लांबी नाही. माणसाच्या स्वभावाचं एवढं अचूक निदान आणि त्यावरचा एवढा सभ्य उपाय मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात पाहिलेला नाही. तोंडावर ‘तुम्ही फुगवून सांगता’ असं कोणी म्हणत नाही. फुगवायला जागाच ठेवलेली नाही.

आणखी एक प्रश्न थांबून वाचण्यासारखा आहे: या माशांचं काय करणार? उत्तरांचे पर्यायही ठरलेले आहेत: खाणार, चारा करणार, विकणार, टाकून देणार, आणखी काही. पाच-सहा शब्दांच्या या यादीत माशाच्या सगळ्या गती आल्या. ‘विकणार’ हा पर्याय हौशी माणसापुढे ठेवणं मला धाडसाचं वाटतं, कारण परवान्याशिवाय विकणं हा गुन्हा असू शकतो. पण विचारणारी मुलगी पोलीस नाही. तिच्याजवळ दंडाची पावती नाही, आणि समोरच्या माणसाला हे पटवणं हा तिच्या नोकरीचा न लिहिलेला अर्धा भाग आहे. रेड ड्रम नॉर्थ कॅरोलायनात दिवसाला माणशी एकच ठेवता येतो, तोही १८ ते २७ इंचांच्या दरम्यानचा. पेटीत २८ इंची निघाला तर? ती तो मोजते, आकडा लिहिते आणि आभार मानते. दंड झाला तर पुढच्या आठवड्यात त्या धक्क्यावर एकही पेटी उघडणार नाही, मग नियम पाळणारे किती आणि मोडणारे किती हे कोणालाच कळणार नाही.

या बाबतीत एखाद्या म्हाताऱ्या गरवणाऱ्याशी तिचा संवाद साधारण असा होत असावा:

‘म्हणजे आमचा हंगाम बंद करायला आलात.’

‘नाही सर, मी फक्त मोजते.’

‘तेच म्हणतो मी.’

म्हातारा खोटं बोलत नाहीये, आणि ती मुलगीही नाही.

बापलेकांचे मासे एकाच पेटीत मिसळलेले असतात तेव्हाची सोयही बघण्यासारखी आहे. कोणता कोणाचा हे सांगता येत नसेल, तर कागद जबरदस्तीने वाटणी करत नाही. या मिळकतीत किती जणांचा हात आहे एवढंच तो विचारतो आणि सगळी पेटी त्या सगळ्यांच्या नावावर एकत्र लिहितो. जी वाटणी माणसांना करता येत नाही ती आकड्यांनी करू नये, ही समज मला दुर्मीळ वाटते.

कागदावर जे छापलेलं नाही, पण ज्यावर त्याचा अर्थ टिकून आहे, ते म्हणजे उभं राहणं. वर्षाचे दोन-दोन महिन्यांचे सहा तुकडे पाडलेले असतात, त्यांना ‘वेव्ह’ म्हणतात. उत्तरेकडच्या राज्यांत जानेवारी-फेब्रुवारीत विचारपूस होत नाही. मेनसारख्या टोकाच्या राज्यात ती मे महिन्यात सुरू होते. म्हणून ही नोकरी हंगामी. कोणत्या धक्क्यावर, कोणत्या दिवशी, कोणत्या सहा तासांत जायचं हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. रात्री ८ ते पहाटे २ सुद्धा निघू शकतं. २०१३ पूर्वी असं नव्हतं. ठरलेल्या जागी गर्दी नसेल तर माणसं दुसरीकडे सरकू शकत, आणि साहजिकच जिथे मासे आणि माणसं दोन्ही जास्त तिथे सरकत. मुलाखती भरपूर मिळत, पण किनारा असायचा त्याहून समृद्ध दिसे. २०१३ च्या नव्या पद्धतीने ही मोकळीक काढून घेतली. आता धक्का ओस असला तरी तिथेच थांबायचं. कोणी आलं नाही तर ‘कोणी आलं नाही’ असं लिहायचं. एकदम सहा होड्या लागल्या आणि दोनच गाठता आल्या, तर निसटलेल्यांचीही संख्या टिपायची. कोणी बोलायला नकार दिला तर तो नकारही टिपायचा.

पाऊस, डास, मुलाखत एकही नाही, आणि तरी काम पूर्ण झालं असं मानायचं. विशीतल्या मुलीला पटवायला हे सोपं नसेल. रिकामी पेटी घेऊन खट्टू होऊन जाणाऱ्या माणसाला थांबवणं तर त्याहून अवघड. त्याला वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. वास्तविक त्याला वगळलं तर उरलेल्यांची सरासरी खोटी ठरते.

इथवर मी स्तुतीच केली. पण या कागदाला एक जोडीदार आहे, आणि तो कमअस्सल आहे.

धक्क्यावरच्या मुलाखतींतून कळतं की एका फेरीत सरासरी किती मासे मिळतात. एकूण फेऱ्या किती झाल्या हे त्यातून कळत नाही. त्यासाठी घरोघर टपालाने दुसरी प्रश्नावली जाते, ‘फिशिंग एफर्ट सर्व्हे’. पूर्वी हे फोनवरून विचारत. २०१८ पासून पूर्णपणे टपालाने. दोन्हींचा गुणाकार केला की एकूण मासे. म्हणजे धक्क्यावर कितीही काटेकोरपणे उभं राहिलं, तरी गुणाकाराचा दुसरा आकडा कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बिलांच्या गठ्ठ्याशेजारी ठरतो.

या टपालाच्या प्रश्नावलीत दोन ओळी होत्या. आधी विचारलं होतं, गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गरवलंत? आणि मग, गेल्या बारा महिन्यांत किती वेळा? २०२३ मध्ये नोआने एका प्राथमिक अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर केला. ओळींचा क्रम उलटा केला, आधी बारा महिने आणि मग दोन, तर फेऱ्यांचा अंदाज सर्वसाधारणपणे ३० ते ४० टक्क्यांनी खाली येत होता. पहिल्या क्रमात लोक जुन्या फेऱ्याही दोन महिन्यांच्या पोटात घालत होते; काही तर वर्षापेक्षा दोन महिन्यांत जास्त वेळा गेल्याचं लिहीत होते. आधी वर्षाचं विचारलं की सगळ्या आठवणी तिथे रित्या होतात, आणि मग दोन महिन्यांचं उत्तर नेमकं येतं. शब्द तेच आणि प्रश्न तेच, बदलला तो फक्त क्रम. ओळी वरखाली केल्याने अर्थ बदलतो हे कवितेच्या वाचकाला सांगावं लागत नाही. इथे मात्र अर्थाबरोबर अख्ख्या किनाऱ्याचे मासे बदलत होते.

दोन्ही कागदांत फरक इतकाच की एकाच्या मागे माणूस उभा आहे. उत्तर विचित्र आलं तर ती मुलगी भुवई उंचावू शकते, ‘म्हणजे आजच्या आज आठ तास?’ असं विचारू शकते. पाकिटाला भुवई नसते. धक्क्यावरचा कागदही निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. तो फक्त सार्वजनिक जागी उभा राहतो. घरामागच्या स्वतःच्या धक्क्याला होडी बांधणारे त्याला भेटतच नाहीत, आणि त्यांनाही इतरांइतकेच मासे मिळत असतील असं धरून चालावं लागतं. पण स्वतःच्या चुकीबद्दल बोलायला ही पद्धत लाजत नाही. प्रत्येक अंदाजाशेजारी त्याची टक्क्यांतली संभाव्य चूक छापलेली असते, आणि ती ५० च्या वर गेली तर संस्था स्वतःच सांगते की हा आकडा वापरण्यालायक नाही.

आता ‘बी-२’ कडे परत जायला हवं, कारण सगळा तंटा त्याच रकान्यात आहे. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या खुल्या समुद्रात रेड स्नॅपर हा मासा आहे, आपल्या तांबोशीच्या कुळातला. तो पूर्वी अतोनात मारला गेला, मग बंदी आली, आणि आता गरवणारे सांगतात की गरी टाकली की हाच लागतो. तरी २०२४ मध्ये हौशी लोकांना तो ठेवण्यासाठी मिळालेला हंगाम एका दिवसाचा होता, १२ जुलै. लोक संतापले, आणि वरवर पाहता त्यांचा संताप रास्तच वाटतो. पण उरलेले ३६५ दिवस तोच मासा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या गरीला लागत राहतो आणि नियमाप्रमाणे सोडला जातो. खोल पाण्यातून भराभर वर ओढल्यावर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, पोटातलं तोंडावाटे बाहेर येऊ लागतं. सोडलेला प्रत्येक जण खाली पोचतोच असं नाही. ठेवलेल्यांपेक्षा असे सोडून मेलेलेच जास्त आहेत असं हिशेब सांगतो, आणि मग ठेवण्यासाठी त्या वर्षी उरला एक दिवस. हा हिशेब ज्या माशांवर चालतो त्यांतला एकही तंत्रज्ञाच्या फळीवर आलेला नाही. ‘चार सोडले’ एवढ्या शब्दांवर तो उभा आहे.

आपल्याकडेही पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवण्याची एक शिस्त चालत आली आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ससून डॉक, भाऊचा धक्का अशा ठिकाणी धंद्याच्या मासेमारीची नोंद घेतात. त्यांचा दिवस दुपारी सुरू होतो: १२ ते ६ स्वतः पाहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ पुन्हा स्वतः पाहायचं, आणि मधल्या रात्री काय उतरलं ते विचारून घ्यायचं. रात्र म्हणजे त्यांचा ‘बी’ रकाना. हौसेने गरवणाऱ्यांसाठी मात्र ही व्यवस्था नाही. ती आहे विकल्या जाणाऱ्या माशांसाठी.

माझं मत विचाराल तर टपालाचा कागद पुन्हा लिहायला हवा आणि धक्क्यावरच्याला हात लावू नये. वाचकांपैकी कोणी अमेरिकेत राहत असेल आणि शनिवारी मुलांना घेऊन पिअरवर गरवायला जात असेल, तर परतताना फळीवाली मुलगी आडवी आली की पाच मिनिटं थांबा. पेटी उघडून दाखवा, सोडलेले मासे आठवून खरे तेवढेच सांगा, आणि काहीच मिळालं नसेल तर तसं सांगा. तो शून्यही तिला लिहायचा असतो.